बातम्या बघून वडील बदलले, की ते आधीपासूनच तसे होते?

तुमचा प्रश्न लांबलचक होता, म्हणून मला तो जेवढा समजला तेवढा आधी मांडते. वडील एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आता निवृत्त होऊन लातूरला घरी असतात. सकाळी चहापासून रात्री झोपेपर्यंत न्यूज चॅनेल चालू, अधूनमधून व्हॉट्सॲप. ज्या माणसानं नातेवाइकांचा विरोध पत्करून मुलीला, म्हणजे तुमच्या बहिणीला, इंजिनिअरिंगला घातलं, तोच आता तिला पुण्यात नोकरीसाठी एकटीनं राहू द्यायला तयार नाही. ‘बाहेर काय चाललंय ते मी रोज बघतोय’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. तुम्हाला दोन गोष्टी हव्यात. माध्यमं माणसाला खरंच बदलतात, की माणूस आतून तसाच असतो आणि टीव्ही नुसता निमित्त होतो, हे एक. आणि घरात आता करायचं काय, केबल बंद करायची का, हे दुसरं.

मी जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली, नंतर मुंबईत एका वाहिनीच्या आउटपुटला, म्हणजे कुठली बातमी पडद्यावर जाणार ते ठरवणाऱ्या विभागात, होते, आता पत्रकारितेच्या मुलांना शिकवते. त्यामुळे माझं उत्तर बातमी जिथे तयार होते त्या बाजूनं येणार. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. वडील रात्र-रात्र जागत असतील, दाराच्या कड्या पुन्हा पुन्हा तपासत असतील, बाहेर पडणंच बंद झालं असेल, तर हे सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. आणखीही काही गोष्टी मला इथे बसून कळणार नाहीत. निवृत्तीनंतर त्यांचे डेपोतले दोस्त सुटले का? गुडघे दुखतात म्हणून फिरणं थांबलंय का? आईशी बोलणं होतं की घरात फक्त टीव्हीच बोलतो? एकटं पडलेलं माणूस टीव्ही जास्त बघतं आणि जास्त टीव्ही बघणारं माणूस आणखी एकटं पडतं. यातलं आधी काय झालं ते तुम्हीच पाहू शकता.

आता मूळ मुद्दा. तुम्ही लिहिलंय, ‘बाबांचे विचार बदलले.’ मला तसं वाटत नाही. तुमच्याच प्रश्नात आहे की मुलीनं शिकावं, कमवावं असं ते आजही म्हणतात. बदलला आहे तो त्यांचा अंदाज. जग किती धोक्याचं आहे, पुण्यातल्या रस्त्यावर रात्री नऊ वाजता काय होऊ शकतं, अनोळखी माणूस किती वाईट असू शकतो, याचा त्यांच्या डोक्यातला हिशेब बदललाय. त्या हिशेबावरून निघणारा निर्णय मात्र बापाचाच आहे. इतका धोका खरोखर असता, तर तुम्हीही बहिणीला पाठवली नसती.

हा फरक करायला मी उगाच सांगत नाही. मत आणि अंदाज यांच्यावर माध्यमांचा परिणाम सारखा होत नाही, हे बऱ्याच आधीपासून दिसत आलंय. १९४० साली अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या एरी काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग), समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्याच त्या मतदारांना महिनोन्‌महिने पुन्हा पुन्हा गाठलं. रेडिओ आणि वर्तमानपत्रांतल्या प्रचारानं मतं किती फिरतात ते त्यांना बघायचं होतं. फिरलेली मतं फार थोडी निघाली. बहुतेकांचं आधीचंच मत आणखी घट्ट झालं. ज्यांच्यावर प्रभाव पडला, त्यांच्याही बाबतीत ओळखीतल्या, मानाच्या माणसाचा शब्द छापील मजकुरापेक्षा भारी पडला होता. आपल्याकडे हे वेगळं शिकवावं लागत नाही. सलूनमध्ये नाहीतर चहाच्या टपरीवर पेपर एकच असतो, तो मोठ्यानं वाचणाराही एकच असतो आणि बातमीचा अर्थ बाकीच्यांना तोच सांगतो.

मग १९६८ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपेल हिलला मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या संशोधकांनी मत न ठरलेल्या १०० मतदारांना वेगळाच प्रश्न विचारला. मत कुणाला देणार, हे नाही. देशापुढचे मोठे प्रश्न कोणते, हे. लोकांनी सांगितलेला प्रश्नांचा क्रम आणि बातम्यांनी ज्या प्रश्नांना जितकं महत्त्व दिलं होतं तो क्रम जवळजवळ जुळला. म्हणजे काय मत बनवायचं ते माध्यमं क्वचितच सांगू शकतात, पण कशाबद्दल मत बनवायचं ते रोज सांगतात. तुमच्या घरात हेच घडलंय. ‘मुलीच्या नोकरीत तिची वाढ होईल का’ हा प्रश्न मागे पडला आणि ‘मुलगी सुखरूप परत येईल का’ हा पुढे आला.

हा अंदाज बिघडतो कसा, ते आता डेस्कवरून सांगते. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण बाहेरच्यांना वाटतं कुणीतरी मुद्दाम घाबरवायचं ठरवतं. तसं ठरवणारेही भेटतात, नाही म्हणत नाही. पण कुणी काहीच ठरवलं नाही तरी हे घडतं, आणि ते जास्त समजून घेण्यासारखं आहे.

जिल्हा डेस्कवर संध्याकाळी तालुक्याच्या वार्ताहरांचे फोन यायचे, क्राइमचा माणूस पोलीस ठाण्यांना फोन फिरवायचा. नागपुरात मंगळसूत्र खेचलं तर ती बातमी लातूरच्या पानावर येत नसे. जागाच नव्हती. आमची पहिली चाळणी होती : हे आपल्या वाचकाच्या गावचं आहे का? त्यामुळे लातूरच्या वाचकाला गुन्ह्याचा जो अंदाज यायचा, तो बहुतांशी लातूर जिल्ह्याचा असायचा. थोडा फुगलेला असेल, पण माप त्याच्याच गावाचं.

चॅनेलला गाव नसतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांवर होती, आता तर त्याहून जास्त. इतक्या माणसांत रोज कुठे ना कुठे अंगावर काटा आणणारी एक तरी घटना होणारच. दर वर्षी गुन्हे कमी होत गेले तरी रोजची एक मिळतच राहील. महाराष्ट्रात नाही मिळाली तर उत्तर प्रदेशात मिळेल, तिथे नाही तर दिल्लीत. पाहणाऱ्याच्या मनात मात्र जिल्ह्यांच्या सीमा पुसल्या जातात आणि ‘हल्ली रोज होतंय’ एवढंच उरतं. रोज होतंय हे खरंच आहे. फक्त ते दर वेळी वेगळ्या गावात होतंय आणि तुमचे वडील त्या सगळ्या गावांत एकाच वेळी राहायला लागलेत.

दुसरी चाळणी आणखी कडक. आउटपुट डेस्कवर बातमी आली की पहिला प्रश्न असतो, ‘व्हिज्युअल आहेत का?’ दृश्यं असतील तर बातमी रनडाऊनमध्ये, म्हणजे बुलेटिनमधल्या बातम्यांच्या क्रमात, वर चढते, नसतील तर टिकरवर, म्हणजे पडद्याखालच्या सरकत्या पट्टीवर, एका ओळीत निघून जाते. सीसीटीव्ही आल्यापासून दृश्यांचा सुकाळ झाला. पण सीसीटीव्ही लागलेले असतात कुठे? रस्त्यावर, सोसायटीच्या गेटवर, दुकानात, पेट्रोल पंपावर. तिथे काय टिपलं जातं? अनोळखी माणसानं केलेला हल्ला, चेन खेचणं, गाडीनं उडवणं. घराच्या आत नवऱ्यानं केलेली मारहाण टिपली जात नाही. ओळखीच्या माणसानं केलेला अत्याचार टिपला जात नाही. एनसीआरबीचे, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, वार्षिक अहवाल वर्षानुवर्षं हेच सांगतात की नोंदल्या गेलेल्या बलात्काराच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, लग्नाचं आमिष दाखवणारा, कामावरचा माणूस. पडद्यावरचा धोका मात्र जवळजवळ कायम अंधाऱ्या रस्त्यावरचा आणि अनोळखी. म्हणजे बाप मुलीला नेमका त्या धोक्यापासून जपायला बघतो, जो कॅमेऱ्याला दिसतो.

वडील एसटीचे आहेत म्हणून आणखी एक आकडा देते, त्यांना तो लगेच कळेल. २०२२ या एका वर्षात देशात २८,५२२ खुनांची नोंद झाली. त्याच वर्षी रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. जवळजवळ सहापट. आता त्यांनाच आठवायला सांगा, गेल्या महिन्यात संध्याकाळच्या चर्चेचा विषय किती वेळा खून होता आणि किती वेळा अपघात. बहीण पुण्यात स्कूटी चालवणार असेल तर हेल्मेटवरून भांडलेलं बरं.

तिसरी गोष्ट पुनरावृत्तीची. वीस सेकंदांची क्लिप असते. ती बुलेटिनमध्ये जाते, मग हेडलाइनमध्ये, मग चर्चा चालू असताना बाजूच्या चौकटीत फिरत राहते. घटना एकदा घडली, पण डोळ्यांनी ती दिवसभर पाहिली. डोकं मोजताना ‘ही तीच’ असं प्रत्येक वेळी म्हणत बसत नाही. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये एक साधा प्रयोग करून दाखवला होता : तेच विधान दोन आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा कानावर पडलं की ते आधीपेक्षा जास्त खरं वाटायला लागतं. विधान मुळात खरं होतं की खोटं, यानं फारसा फरक पडला नाही. जाहिरातवाल्यांना हे प्रयोगाशिवायच ठाऊक होतं म्हणा.

आणि चौथी, जिच्याबद्दल बाहेर फार कुणी बोलत नाही. बातमीला शेवट नसतो. आरोपी पकडला गेला, तपासात वेगळंच निघालं, फिर्यादच खोटी ठरली, शिक्षा झाली, यातलं बरंचसं कित्येक महिन्यांनी घडतं. तोवर डेस्क पुढच्या शंभर घटनांवर गेलेलं असतं. पाहणाऱ्याच्या मनात भीतीचं खातं उघडतं आणि बंद होतच नाही. चॅनेलवर लक्ष असतं ते टीआरपीवर, म्हणजे देशभरातल्या पन्नास हजारांहून जास्त घरांत बसवलेल्या मीटरवर. माणूस घाबरला की चॅनेल बदलत नाही, हे त्या मीटरला कळतं. माणूस किती दिवस घाबरलेला राहतो, हे कुठलाच मीटर मोजत नाही.

इथवरचं थोडक्यात : तुमच्या वडिलांना कुणी खोटं सांगितलेलं नाही. त्यांनी पाहिलेली जवळजवळ प्रत्येक बातमी खरी असेल. चुकली आहे ती बेरीज.

आता तुमच्या ‘की आधीच तसे होते’ या शंकेकडे येते, कारण ती रास्त आहे. जॉर्ज गर्बनर नावाच्या संशोधकानं फिलाडेल्फियात बसून वर्षानुवर्षं टीव्हीवरची हिंसा मोजली आणि सांगितलं की जास्त टीव्ही बघणाऱ्यांना जग प्रत्यक्षापेक्षा दुष्ट वाटतं, शेजाऱ्यावर विश्वास कमी होतो. सगळीकडे हे वाक्य वापरलं जातं. पण १९७९ मध्ये टोरोंटोत अँथनी डूब आणि ग्लेन मॅकडोनाल्ड या संशोधकांनी लोक कुठल्या वस्तीत राहतात हेही विचारात घेतलं, तेव्हा टीव्ही आणि भीती यांचा संबंध बराचसा विरून गेला. ज्या वस्तीत खरोखर गुन्हे जास्त, तिथले लोक संध्याकाळनंतर घराबाहेर पडत नव्हते आणि घरात बसून टीव्ही बघत होते. म्हणजे भीती आधी, टीव्ही नंतर. मी मुलांना हे दोन्ही अभ्यास शिकवते आणि माझं मत विचाराल तर असं आहे : ज्याला स्वतःचा अनुभव आहे, त्याच्यावर टीव्हीचा जोर कमी चालतो. ज्या गोष्टीचा अनुभवच नाही, तिथे टीव्ही सांगेल ते खरं. लातूरच्या बसस्टँडबद्दल तुमच्या वडिलांना कुठलाही अँकर काही शिकवू शकणार नाही, आयुष्य तिथे गेलं त्यांचं. पण रात्रीचं हिंजवडी त्यांनी फक्त पडद्यावर पाहिलंय.

अनुभव नसलेल्या जागी भरलेला हा अंदाज माणसांबद्दलही असतो. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये तबलिगी जमात या मुस्लिम धर्मप्रचार संघटनेमुळे करोना पसरला अशा बातम्यांचा जो मारा झाला, तो आठवा. त्यानंतर कित्येक ठिकाणी लोक भाजीवाल्याला गाडी थांबवून नाव विचारू लागले. त्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि माध्यमांतल्या मोठ्या प्रचारावर, या लोकांना बळीचा बकरा बनवलं गेल्यावर निकालपत्रात बोट ठेवलं. त्या निकालाच्या बातमीला आधीच्या बातम्यांच्या मानानं किती वेळ मिळाला? मिळाला असता तरी भाजीवाल्याची गेलेली गिऱ्हाइकं निकाल वाचून परत येत नाहीत.

व्हॉट्सॲपचं गणित याहून वेगळं आहे. टीव्हीवर निदान कुणी परकं बोलतं. व्हॉट्सॲपवर भाचा बोलतो, जुना साहेब बोलतो, गावचा गुरुजी बोलतो. एरी काउंटीत जे दोन टप्पे होते, आधी बातमी आणि मग मानाच्या माणसाचा शब्द, ते इथे एकाच मेसेजमध्ये एकत्र येतात. २०१८ मध्ये देशभर मुलं पळवणाऱ्या टोळीची एक क्लिप फिरत होती, मोटारसायकलवरून येऊन दोघं रस्त्यावरचं पोर उचलतात अशी. ती कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली फिल्म होती. मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तो शेवटचा भाग कुणीतरी कापला होता. बातमीला शेवट नसतो असं मघाशी म्हटलं. इथे तर असलेला शेवट कापून टाकला.

१ जुलै २०१८ ला, रविवारी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात बाजाराचा दिवस होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण, भिक्षा मागत फिरणारे, तिथे आले. मुलं पळवणारे म्हणून जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्याच दिवशी मालेगावातही अशाच संशयावरून काही लोक जमावाच्या हाती सापडले होते. तिथे पोलीस वेळेवर पोचले, ते वाचले. त्या महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली.

राईनपाड्यातली माणसं क्लिप बघून अचानक खुनी झाली, असं मी म्हणणार नाही. भटक्या माणसाबद्दलचा संशय ही व्हॉट्सॲपची निर्मिती नाही, तो फार जुना आहे, इंग्रजांनी तर १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदाच केला होता. अफवेलाही मोबाइल लागतोच असं नाही. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी लँडलाइनवरून आणि तोंडोतोंडी एका दिवसात देशभर पोचली होती. क्लिपनं एवढंच केलं की जुन्या संशयाला ‘आज, आत्ता, आपल्या गावात’ अशी तारीख लावली. तुमच्या दोन्ही शंकांचं उत्तर मला इथे एकत्र दिसतं : माणसात काहीतरी आधीपासून असतं, आणि त्यातलं काय जागं होणार, कधी आणि कुणाविरुद्ध, ते माध्यम ठरवतं.

हे सगळं वाचून तुम्ही टीव्हीला शत्रू ठरवाल, म्हणून दुसरी बाजूही सांगायला हवी. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये एक अभ्यास छापला. बिहार, दिल्ली, गोवा, हरियाणा आणि तमिळनाडू इथल्या घरांची २००१ ते २००३ दरम्यानची माहिती त्यात होती. गावात केबल आली त्यानंतर बायकांची उत्तरं बदलली. नवऱ्यानं मारणं योग्य आहे असं म्हणणाऱ्या कमी झाल्या, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला, घरातल्या निर्णयांत आपला शब्द चालतो असं सांगणं वाढलं. वर्तन खरंच बदललं, की पाहुण्यांसमोर काय बोलायचं ते कळलं, अशी शंका यावर घेतली जाते आणि ती घ्यायलाच हवी. पण मला तो निष्कर्ष पटतो. त्या बायकांनी मालिकांत शहरातली, नोकरी करणारी, उलट बोलणारी बाई रोज पाहिली. ‘असंही जगता येतं’ हा त्यांचा अंदाज बदलला. तुमच्या वडिलांनी मुलीला इंजिनिअरिंगला घातलं, त्या धाडसातही टीव्हीचा काही वाटा नसेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आणि पाहणारा म्हणजे मातीचा गोळाही नव्हे. १९८४ मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली ती कुटुंबनियोजन, स्त्रियांचा दर्जा असे विषय लोकांपर्यंत न्यायला. त्यातली सोशिक आई भागवंती ‘असं राहू नका’ हे दाखवण्यासाठी लिहिलेली होती. अभ्यासकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा पुष्कळ बायकांना तीच आदर्श वाटली होती! सांगणाऱ्यानं एक सांगितलं, ऐकणारीनं आपल्या घरातलं दुसरंच ऐकलं. म्हणून मालिका किंवा बातमी दाखवून माणूस हवा तसा घडवता येतो, असं कुणी म्हणालं की मी सावध होते. मग तो सरकारी अधिकारी असो, जाहिरात एजन्सी असो किंवा पक्षाचा आयटी सेल.

एक टोचणारी गोष्ट तुमच्याबद्दलही. तुमचा सगळा प्रश्न वडिलांविषयी आहे. माध्यमांचा परिणाम इतरांवर फार होतो आणि आपल्यावर नाही, असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. समाजशास्त्रज्ञ फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ मध्ये हे नोंदवलं आणि पुढे ते पुन्हा पुन्हा आढळत गेलं. तुम्ही न्यूज चॅनेल बघत नाही असं लिहिलंय, पण रील बघत असालच. ‘हल्ली सगळेच म्हातारे फॉरवर्ड करून डोकं खराब करून घेतात’ हे वाक्यसुद्धा तुम्ही कुठूनतरी, बऱ्याच वेळा, ऐकलेलं असणार.

आता करायचं काय. माझ्या ओळखीच्या घरांत जे चाललेलं पाहिलं ते सांगते. तुमच्याकडे चालेलच असं नाही.

कौटुंबिक ग्रुपवर ‘बाबा, हे फेक आहे’ असं लिहू नका. सगळ्या भावकीसमोर खोटं पडलेला माणूस ती गोष्ट आणखी घट्ट धरून ठेवतो. फोन करून, निवांत, ‘हे कुणी पाठवलं तुम्हाला?’ एवढंच विचारा. निम्म्या वेळा पाठवणाऱ्याचं नाव घेता घेता त्यांना स्वतःलाच शंका येते.

टक्केवारी घेऊन वाद घालू नका. वर मी आकडे दिले ते तुमच्यासाठी. वडिलांना फक्त अपघाताचा सांगा, कारण तो त्यांच्या धंद्यातला आहे. बाकी प्रश्न विचारा. कुठे झालं? कधी? आरोपी कोण निघाला? पुढे काय झालं? एखादी बातमी धरून तिचा शेवट शोधायला त्यांना सोबत घ्या. वाहतूक नियंत्रकाला नोंदी ठेवायची सवय असते, काहींना याची गोडीही लागते. माझ्या एका विद्यार्थिनीचे आजोबा तर वहीत तारखा टाकून पाठपुरावा करायला लागले आणि नातीला ‘तुमचे पत्रकार पुढचं काही सांगतच नाहीत’ म्हणून झापायला लागले. बरोबरच आहे त्यांचं.

बातमी कमी करण्यापेक्षा संपणारी बातमी द्या. सकाळी पेपर, आकाशवाणीच्या दहा मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या, संध्याकाळी एखादं बुलेटिन. पेपर उलटून झाला की बाजूला ठेवावाच लागतो. चोवीस तासांच्या चॅनेलला ती सोय नाही. दिवसा टीव्ही चालू ठेवायची सवय सुटत नसेल तर आवाज बंद ठेवून बघा. बातमीतला मजकूर थोडा असतो, धाक बराचसा पार्श्वसंगीतात असतो, हे मी आतून सांगतेय.

बहिणीच्या नोकरीचा विषय मात्र टीव्हीच्या वादातून पूर्ण बाहेर काढा. ‘तुम्ही टीव्ही बघून घाबरलाय’ हे वाक्य एकदाही उच्चारू नका. बापाच्या काळजीला त्यानं आजार ठरवल्यासारखं होतं. त्यांना दोन दिवस पुण्याला घेऊन जा. राहायची जागा त्यांनाच तपासू द्या, ऑफिसची गाडी कुठे सोडते, शेवटची पीएमपीएमएल बस किती वाजता, स्टॉपपासून खोलीपर्यंत दिवे आहेत का. रात्री नऊला तोच रस्ता तिच्याबरोबर चालू द्या. त्यांना एखादी जागा नापसंत पडली तर दुसरी बघा, त्यांचं चुकलंय असं आधीच धरू नका. पुण्यात न आवडण्यासारख्या जागा आहेतच. पुण्यात एसटीतला कुणी जुना सहकारी राहत असेल, ज्याची मुलगी तिथे नोकरी करते, तर त्याच्याकडे जेवायला न्या. तुमच्या दहा लेखांपेक्षा त्याचं एक वाक्य जास्त चालेल.

राहिली केबल. बंद करू नका. एक तर तो त्यांचा दिवस आहे, काढून घेतलात तर त्या जागी काहीतरी ठेवावं लागेल. दुसरं, केबल गेली की ते मोबाइलवर यूट्यूबकडे वळतील. चॅनेलमध्ये वाईट का होईना, एक डेस्क असतं, तक्रार करायला पत्ता असतो, केबलचा कायदा असतो. यूट्यूबवर एक भीतीदायक व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला की पुढचा आपोआप हजर होतो, आणि तो पाठवणारं माणूसच नसतं. त्यामुळे हात घालायचाच तर मोबाइलमध्ये घाला : यूट्यूबचा ऑटोप्ले बंद, व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद, नको असलेले ग्रुप म्यूट. पण हे त्यांच्याशेजारी बसून, त्यांना दाखवत, त्यांच्याच बोटानं करवून घ्या. गुपचूप केलंत आणि कळलं, तर फोनला पासवर्ड लागेल आणि पुढच्या वेळी तो फोन तुमच्या हातात येणार नाही.